घनवादी कांस्यशिल्पातील मानवाकृती

माणसाचा देह गोलाईने न घडवता पैलू, कोन आणि पोकळ्या यांनी बांधायचा आणि ती बांधणी कांस्यात ओतायची, असा हा आधुनिक शिल्पप्रकार. सुरुवात १९०९ मध्ये पॅरिसला झाली, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तो बहरला आणि १९२५ च्या सुमारास त्यातल्या बिनीच्या शिल्पकारांनी आपापल्या वाटा धरल्या. मराठीत ‘घनवाद’ हे नाव रुळले आहे, पण ते फसवे आहे. या शिल्पांत घन, म्हणजे सहा सारख्या बाजूंचा ठोकळा, शोधू गेल्यास क्वचितच सापडतो. लुई व्होसेल या समीक्षकाने १९०८ मध्ये ब्राक या चित्रकाराच्या चित्रांची टिंगल करताना ‘ठोकळे’ असा शब्द वापरला आणि टिंगलच नाव होऊन बसली. गावात एखाद्याला चेष्टेने पडलेले नाव पुढे मतदारयादीत चढावे, तसे.

‘कांस्य’ या शब्दानेही घोटाळा होतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून जी काशाची वाटी घासतात, तिच्या काशात तांब्याच्या साधारण चार भागांना कथलाचा एक भाग असतो. म्हणून ती खणखणते आणि फरशीवर पडली की तडकते. पुतळ्याच्या कांस्यात कथील दहाव्या हिश्शाच्या आसपास, सोबत कधी थोडे जस्त किंवा शिसे. ते साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत शिरते, थंड झाल्यावर चिवट राहते आणि त्यावर छिन्नी-कानस चालते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण पुस्तकांतल्या छायाचित्रांखाली नुसते ‘कांस्य’ छापलेले असते आणि वाचक तेवढ्यावरच पुढे जातो. यांतली बहुतेक शिल्पे कांस्यात जन्मलेलीच नाहीत. त्यांचे माहेर माती आणि प्लास्टर. कांस्य हे सासर. काहींची तर पाठवणी घडवणारा गेल्यावर झाली.

पैलू

पैलू म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा साबणाच्या वडीवर लवकर कळते. कपडे धुण्याची वडी आणि ब्लेडचे अर्धे पाते घेऊन माणसाचे डोके कोरायला सांगितले की शाळेतली मुले आधी कोपरे उडवून त्याचे अंडे करतात, मग त्यावर नाक-डोळे रेखतात. पूर्व विदर्भातल्या एका खेड्याच्या शाळेत प्रस्तुत लेखकाने उलट अट घातली: गोल करायचे नाही, घासायचे नाही, जो काप बसेल तो तसाच ठेवायचा. पहिल्या अर्ध्या तासात वर्गभर नुसते ओबडधोबड तुकडे दिसत होते. मग एकाने आपली वडी खिडकीच्या कठड्यावर ठेवली. सकाळचे तिरपे ऊन होते. कपाळाचा काप पांढरा झाला, डोळ्याच्या खाचेचा काळा, गालाचा मधला राखाडी, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “मानूस दिसून राह्यला न, सर!”

यात जे घडले तेच या शिल्पप्रकाराचे वर्म. वास्तवदर्शी पुतळ्याच्या गालावर उजेड हळूहळू सावलीत उतरतो. कुठे संपला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. पैलूदार चेहऱ्यावर तो कडेशी येऊन थांबतो आणि पलीकडे एकदम दुसरी छटा सुरू होते. पाहणारा दोन पावले सरकला की छटांची अदलाबदल होते: काळी दिसलेली खाच उजळते, गाल विझतो. चेहरा एकच, पण तो एका नजरेत मावत नाही. सपाट कॅनव्हासवर घनवादी चित्रकार वस्तूच्या अनेक बाजू एकत्र मांडत. शिल्पात त्या बाजू आधीपासून असतातच, त्यासाठी फक्त भोवती फिरायचे. त्यामुळे शिल्पाला घनवादाची गरजच काय, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. उत्तर एवढेच, की इथे फिरताना देह कोनाकोनाने नव्याने जुळवून घ्यावा लागतो, आणि त्या जुळवण्यातच पाहणाऱ्याला गोडी आहे.

दुसरी युक्ती पोकळीची. जिथे देह फुगीर असतो तिथे शिल्पकार खोलगट करतो, आणि डोळा तो खोलगटपणा फुगीर म्हणून वाचतो. कपाशीच्या रानात पावसानंतर काळ्या मातीत उमटलेला पाय हा खरे तर खड्डा असतो, तरी त्याला ‘पाय उमटला’ असेच म्हणतात, खड्डा पडला असे कोणी म्हणत नाही. अर्चिपेंको या शिल्पकाराने पुढे डोक्याची जी जागा रिकामी सोडली, ती याच भरवशावर.

विदर्भातल्या माणसाला कापांनी बनलेली आकृती अगदी अनोळखी नाही. तान्ह्या पोळ्याला पोरे ओढतात तो लाकडी नंदी सुतार पटाशी-रंध्याने करतो. त्याची मान, वशिंड आणि पुठ्ठे हे सरळ सपाट काप असतात. मेळघाटात कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ जे लाकडी मुंडे उभारतात, त्यांवर घोडेस्वार, सूर्य-चंद्र नेमक्या मोजक्या कापांत बसवलेले दिसतात. शेतातले बुजगावणे तर दोन काठ्या, एक मडके आणि फाटका सदरा एवढ्यावर लांबून माणूस होते. मात्र या साऱ्याला ‘आपला घनवाद’ म्हणायची जी हौस अधूनमधून दिसते, ती आवरलेली बरी. सुतार रंधा जिकडे नेतो तिकडे जातो. त्याला बैलच करायचा असतो आणि तो बैलच होतो. पॅरिसच्या शिल्पकाराला हुबेहूब मूर्ती करता येत होती, ती त्याने जाणून मोडली. हीच चूक पॅरिसवाल्यांनीही केली होती: तिथल्या त्रोकादेरो संग्रहालयातले आफ्रिकी मुखवटे त्यांनी आकार म्हणून उचलले, ते कोणत्या विधीत, कोणाच्या तोंडावर चढतात याची फारशी चौकशी केली नाही.

फेर्नांदचे डोके आणि नंतरचे

पहिले नाव पिकासोचे. १९०९ च्या उन्हाळ्यात तो आणि त्याची सखी फेर्नांद ऑलिव्हिए स्पेनमधल्या ओर्ता या डोंगराळ खेड्यात राहिले. एकावर एक चढत गेलेली तिथली घरे आणि फेर्नांदचा चेहरा, दोन्ही त्याने त्या काही महिन्यांत एकाच तऱ्हेने रंगवले. पॅरिसला परतल्यावर शरदात हुलिओ गोन्सालेस या मित्राच्या कार्यशाळेत त्याने तिचे डोके मातीत केले. उंची जेमतेम ४१ सेंटिमीटर. मान वळलेली आहे आणि मानेचे स्नायू पिळलेल्या दोरासारखे वर चढतात. केसांच्या जागी चंद्रकोरीसारखे जाड काप एकमेकांवर बसले आहेत. कपाळ मधोमध दुमडले आहे. डोळ्यांवरची हाडे छपरासारखी पुढे आली आहेत. प्लास्टरमध्ये आल्यावर पिकासोने चाकूने कडा आणखी धारेच्या केल्या. आंब्रोआझ व्होलार या कलाव्यापाऱ्याने ते विकत घेतले आणि मागणी येईल तशा त्याच्या कांस्यप्रती ओतवल्या. म्हणजे कांस्याचा निर्णय जितका शिल्पकाराचा, तितकाच दुकानदाराचा.

हे डोके जगाला दाखला म्हणून पुरले, पण खुद्द पिकासो तिथे थांबला नाही. काही वर्षांत तो पत्रा, पुठ्ठा आणि लाकडाच्या जोडकामाकडे वळला. खरे सांगायचे तर या डोक्यातले पैलू अजून कातडीवरच आहेत. आतला गोळा शाबूत आहे. तो फोडायचे काम इतरांनी केले.

प्रागचा ओटो गुटफ्रॉइंड (१८८९–१९२७) पॅरिसमध्ये बूर्देल या शिल्पकाराकडे शिकून परतला आणि १९११-१२ मध्ये त्याने ‘चिंता’ ही आकृती केली. अंग चोरलेली, हात हनुवटीशी घट्ट धरलेली बाई. वस्त्राच्या घड्या आणि शरीर यांत सीमा उरलेली नाही, सगळेच कोनांनी आवळलेले. घनवाद थंड, हिशेबी असतो असे म्हणणाऱ्यांनी हे शिल्प पाहावे. नापिकीच्या वर्षी बँकेच्या ओट्यावर नंबर येईपर्यंत थांबलेल्या माणसाचे अंग असेच आवळलेले असते.

कीव्हमध्ये जन्मलेला अलेक्झांडर अर्चिपेंको (१८८७–१९६४) १९०८ मध्ये पॅरिसला आला. त्याची ‘केस विंचरणारी स्त्री’ (१९१५) फूटभराहून थोडी उंच. वर उचललेला हात आणि केसांचा पट्टा यांच्या मध्ये चेहरा हवा, तिथे आरपार मोकळी जागा आहे. पाहणारा ती जागा चेहऱ्याने भरतो आणि आपण भरली हे त्याला उशिरा कळते. लिथुएनियातून आलेला झाक लिपशिट्झ (१८९१–१९७३) याचा ‘गिटार घेतलेला खलाशी’ (१९१४) मायोर्का बेटावर पाहिलेल्या एका नाचऱ्या खलाशावरून सुचला. इथे मुद्रा मिस्किल, टोपी तिरकी, मांड्या म्हणजे नुसते लोलक. विनोद आणि भूमिती एकत्र नांदू शकतात हे त्याने दाखवले. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत मात्र तो इतका कठोर झाला की माणूस जवळजवळ इमारतच बनला. १९२६ ते १९३० मध्ये केलेली त्याची ‘आकृती’ माणसाहून उंच आहे, साखळीच्या कड्यांसारखी रचलेली, आणि वर दोन टक लावलेले डोळे. ती घनवादाच्या सीमेवर उभी आहे.

रेमाँ द्युशाँ-व्हियों (१८७६–१९१८) याचे वैद्यकीय शिक्षण आजारपणात सुटले आणि तो शिल्पाकडे वळला. त्याने केलेले बोदलेअर या कवीचे डोके (१९११) गुळगुळीत आणि बंदिस्त आहे. ‘बसलेली स्त्री’ (१९१४) हिचे डोके अंड्यासारखे, नाक-डोळ्यांशिवाय, आणि अंग सांध्यासांध्यांत वळवलेल्या लाकडी बाहुलीसारखे. युद्धात तो वैद्यकीय पथकात होता, तिथे विषमज्वर जडला आणि त्यातून तो उठला नाही. इटलीच्या उंबेर्तो बोच्चोनीचे ‘अवकाशातील सातत्याचे अनन्य रूप’ (१९१३) हे चालत्या माणसाचे शिल्प भविष्यवादी गटातले. घनवाद्यांशी त्याचे भांडणही होते आणि देवाणघेवाणही. १९१६ मध्ये घोड्यावरून पडून तो मेला तेव्हा ते शिल्प प्लास्टरमध्येच होते. पहिली कांस्यप्रत १९३१ ची. आज इटलीच्या वीस सेंटच्या नाण्यावर जी झळाळती आकृती दिसते, ती त्याने धातूत कधीच पाहिली नाही.

आंरी लोरान्सने दगड, लाकूड आणि भाजकी माती यांत अधिक काम केले. त्याचे कांस्य नंतरचे आणि मऊ. ओसिप झादकीनबद्दल मात्र थांबावे लागते. मे १९४० मध्ये जर्मन बाँबफेकीत रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. त्याचे स्मारक म्हणून झादकीनचे ‘उद्ध्वस्त नगर’ १९५३ मध्ये तिथे उभे राहिले. हात आभाळाकडे फेकलेला, गुडघे मोडत चाललेला प्रचंड माणूस, आणि धडात मधोमध भगदाड. चाळीस वर्षांपूर्वी कार्यशाळेतला प्रयोग असलेली पोकळी इथे शहराची जखम झाली. चौकातल्या सार्वजनिक पुतळ्याला ही भाषा पेलते का, या प्रश्नाला याहून ठसठशीत उत्तर नाही.

साचा आणि भट्टी

पॅरिसच्या ओतशाळांत वाळूचा साचा आणि मेणाचा साचा दोन्ही चालत. मेणाच्या पद्धतीत मेणाच्या आकृतीवर मातीचा साचा चढवून तो भाजतात आणि वितळून गेलेल्या मेणाच्या जागी धातू ओततात. ही पद्धत भारतात जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या ग्रंथात ती सांगितलेली आहे आणि मेण तोलून धातू किती लागेल हे काढायचे प्रमाणही तिथे दिले आहे. हिशोब आजही तोच: किलोभर मेण निघाले तर नऊ-दहा किलो धातू धरावी, वर ओतनळ्यांत अडकणारी वेगळी.

भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. स्टीलने तो धंदा खाल्ला, तरी ओतारी आणि कासार घरांत मूस, भट्टी, मोड हे शब्द अजून रोजचे आहेत. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये घडवा कारागीर मेणात राळ मिसळून त्याचे दोरे वळतात आणि मातीच्या गाभ्यावर ते दोरे गुंडाळून माणूस करतात. वरून वारुळाच्या माती-शेणाचा बारीक लेप, त्यावर धानाचा कोंडा घातलेला जाड थर. भाजले की मेण जाते, त्याच वाटेने धातू येते. मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) यांनी या कारागिरांकडून शिकून स्वतःची मोठी कांस्ये केली.

घनवादी आकृती मात्र या हातांना अडचणीची वाटते आणि ते साहजिक आहे. दोऱ्याने वळलेली मूर्ती गोल असते. कोपरे नसल्याने धातू तिच्यात सुखाने फिरते. पैलूदार आकृतीला मेणाच्या सपाट पट्ट्या कापून जोडाव्या लागतात, आणि उन्हाळ्यात दुपारच्या वेळी त्या पट्ट्या हातातच वाकतात. सपाट पृष्ठ जराही फुगले की डोळ्यात भरते. गोल गालावर हाच दोष लपून जातो. पातळ कडेपर्यंत पोचेपोचेतो धातू गार होते. उलट दोन पैलू आत जिथे मिळतात, त्या अरुंद कोनात आकसताना ताण येऊन तडा जातो, कारण कांस्य गोठून थंड होताना शंभरात दीड-दोन भाग आखडते. म्हणून चांगला ओतारी आतल्या कोनात मेणाची बारीकशी गोलाई ठेवतो आणि वरची धार नंतर कानशीने काढतो. कांस्य हजार अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पण ओततात त्याहून शंभर-दीडशे अंश तापवून. आणि भिंतीची जाडी चार-पाच मिलिमीटर, सगळीकडे सारखी.

हे सगळे प्रस्तुत लेखकाला एका छोट्या आकृतीने शिकवले. वीतभर उंचीचा, डोक्यावर पाटी घेतलेला मजूर होता. साबणावर जमलेले नाक मेणात आले, धातूत नाही. हवा निघायला वाट ठेवलेली नव्हती, त्यामुळे धातू तिथवर पोचलीच नाही. ओतणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी साचा फोडून पाहिले आणि म्हणाले, “नाक तं गेलं. पर तुमच्या या मानसाले नाकाचं काय काम?” घनवादावरची एवढी नेमकी टीका अन्यत्र वाचायला मिळाली नाही.

विदर्भ

कांस्यातला माणूस विदर्भाला नवा नाही. रामटेकजवळच्या हमलापुरी येथे वाकाटककालीन कांस्य बुद्धमूर्ती सापडल्या. अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनीचा जैन मूर्तींचा साठा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ च्या अजब बंगल्यात, गेला. त्या मूर्तींच्या खांद्यांवरून उजेड तेलासारखा ओघळतो. घनवादी आकृती ज्या गोलाईशी भांडते, ती गोलाई किती पक्की होती हे पाहायला विदर्भातल्या वाचकाला पॅरिसला जावे लागत नाही.

आधुनिक कलेशीही इथल्या खेड्यांचा धागा आहे. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, आणि सय्यद हैदर रझा नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेले. हे दोघे चित्रकार. गटातले एकटे शिल्पकार सदानंद बाकरे. त्याआधी शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये ‘संथाळ कुटुंब’ सिमेंट आणि मुरमाड खड्यांत उभारले होते, आणि रवींद्रनाथांचे एक डोके असे पैलूदार केले होते की अनेकांना ते रुचले नाही. धनराज भगत, शंखो चौधुरी, आदी दाविएरवाला, पिलू पोचखानवाला यांनी पुढे ही भाषा आपापल्या परीने वापरली.

गावच्या चौकात मात्र ती आली नाही. तिथला पुतळा ओळखीसाठी उभा असतो: बाबासाहेबांचे वर उचललेले बोट आणि हातातले संविधान, गाडगेबाबांचा खापराचा तुकडा, तुकडोजी महाराजांची खंजिरी. चौथऱ्यापाशी जयंतीला हार घालणाऱ्याला तो चेहरा आपला वाटला पाहिजे, आणि यात गैर काही नाही. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. तिथेही पहिला प्रश्न साम्याचा. कांस्य परवडत नाही म्हणून सिमेंट किंवा फायबर आणि त्यावर सोनेरी रंग. प्रयोगाला जागा उरते ती नाव नसलेल्या माणसाच्या आकृतीत, शेतकरी, मजूर, पाणी आणणारी बाई. अशी आकृती खेड्याच्या शाळेच्या आवारातही शोभेल. मागणी करणारे कोणी भेटत नाही, एवढेच.

रंगाची गोष्ट राहिली. ताजे कांस्य सोन्यासारखे चमकते आणि चमकत्या पृष्ठावर पैलू दिसत नाहीत, कारण प्रत्येक काप आसपासचे सगळे परावर्तित करतो. म्हणून धातू तापवून गंधकयुक्त किंवा लोह-ताम्राच्या क्षारांचे द्रावण लावतात, त्यावर मेण घासतात. तपकिरी-काळ्या त्या कातडीवरच छटा वाचता येतात. ती नाजूक असते. बिननाकाचा मजूर घरी आणून कपाटावर ठेवला होता. दिवाळीत आईने देवाच्या भांड्यांबरोबर त्यालाही चिंच आणि राखुंडीने घासून लख्ख केला. “काळाकुट्ट ठेवला होता बिचारा,” ती म्हणाली. दोन पावसाळे अंगणात तुळशीपाशी काढल्यावर त्याचा गाल कपाळापासून पुन्हा वेगळा दिसू लागला.